राखलेला पांढरा

चित्रातली सगळ्यांत उजळ जागा म्हणजे खडकावर फुटलेली लाट, आणि त्या जागी रंगाचा एक ठिपकाही नाही. चित्रकाराने तिथे कागद तसाच सोडला आहे. बाजूने करडा आला, खालून तपकिरी आला, वरून आभाळाचा विरळ निळसर हात फिरला, आणि मधे जे उरलं ती लाट झाली. दोनशे वर्षांहून अधिक काळ ती त्याच खडकावर फुटते आहे.

कागद लहान आहे, दोन तळहातांखाली झाकला जाईल एवढा. एका संग्रहालयाच्या अभ्यासिकेत तो माझ्यासमोर ठेवला गेला तेव्हा खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, दिवा मंद होता. जवळ फक्त पेन्सिल ठेवायची मुभा, शाई दाराशीच सोडून यायची. डोळे त्या अंधुक उजेडाला सरावेपर्यंत काही क्षण गेले. मग डावीकडचा खडक दिसू लागला: तिरपा, थरांथरांचा, पायथ्याशी जवळजवळ काळा. त्याच्या आडोशाला एक होडी आणि दोन माणसं, त्यांतल्या एकाच्या अंगात तांबडं जाकीट. पलीकडे पाणी. पाण्यापलीकडे जमिनीचं एक टोक समुद्रात शिरलेलं, इतकं फिकं की ते रंगवलंय की आपणच कल्पलंय असं वाटावं. कडेला तपकिरी शाईत सही: डब्ल्यू. पेन. साल लिहिलेलं नाही.

मी बराच वेळ त्या पांढऱ्याकडेच पाहत राहिले. तैलरंगात काम करणारा माणूस सगळं चित्र संपल्यावर ब्रश पांढऱ्यात बुडवून फेस काढू शकतो. जलरंगाच्या या जुन्या रीतीत ती सोय नाही. इथे उजेड रंगाच्या पारदर्शक पापुद्र्यातून खाली कागदापर्यंत जातो आणि तिथून उलटून आपल्याकडे येतो. म्हणून उजेड कुठे हवा हे आधी ठरवायचं, आणि शेवटपर्यंत ती जागा सांभाळायची. आमच्याकडे चित्रकलेचे शिक्षक बाकांमधून फिरताना ‘पांढरा राखा, पांढरा राखा’ असं म्हणत असत. एखादं शेत राखावं तशा सुरात म्हणत. जगातल्या सगळ्यांत चंचल वस्तूची, फुटत्या लाटेची जागा या माणसाने सर्वांत आधी ठरवली आणि मग उरलेला समुद्र तिच्याभोवती आणून ठेवला.

विल्यम पेनचा जन्म १७६० मधला, लंडनचा. तरुणपणीच तो ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ऑर्डनन्स या खात्यात आराखडे काढणारा म्हणून काम करू लागला. तोफा, दारूगोळा, किल्ले, तटबंद्या हे सगळं त्या खात्याकडे असे. खात्याची चित्रशाळा होती टॉवर ऑफ लंडनमध्ये, आणि तिथे पोरसवदा मुलांना भूमिती आणि रेखाटन शिकवून तयार केलं जाई. तिथून पेनला इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, डेव्हन परगण्यातल्या प्लिमथच्या गोदीवर पाठवण्यात आलं. ही १७८० नंतरची गोष्ट.

प्लिमथला तेव्हा आराखडे काढणाऱ्यांची गरज होती, आणि त्यामागे भीती होती. १७७९च्या ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि स्पेन यांचं एकत्रित आरमार प्लिमथसमोर येऊन ठाकलं होतं. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केलं होतं, इंग्लंडची बरीचशी ताकद अटलांटिकपलीकडे गुंतली होती, आणि किनाऱ्यावरून साठांवर शत्रूची लढाऊ जहाजं उघड्या डोळ्यांनी दिसत होती. जहाजांवर रोगराई पसरली, ताळमेळ राहिला नाही, आणि ते आरमार न लढताच माघारी गेलं. पण भीती राहिली. या किनाऱ्याचा प्रत्येक उतार, प्रत्येक खाच, जिथे होडी लागू शकते अशी प्रत्येक फट कागदावर आली पाहिजे, असं सरकारला वाटू लागलं. ऑर्डनन्सचा प्रमुख ड्यूक ऑफ रिचमंड याने प्लिमथ आणि पोर्ट्समथ इथल्या गोद्यांभोवती प्रचंड तटबंदी उभारण्याची योजना मांडली. २७ फेब्रुवारी १७८६ रोजी ती संसदेत मतदानाला आली. मतं पडली समसमान, १६९ विरुद्ध १६९. सभापतींनी आपलं मत विरोधात टाकलं आणि योजना बारगळली.

त्याच वर्षी लंडनला रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात पेनची चित्रं लागली. प्लिमथ परिसरातल्या दगडाच्या खाणींची चित्रं त्यांत होती. अकादमीचा अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स प्लिमथला लागून असलेल्या प्लिम्प्टन गावचा. त्याने या चित्रांची वाखाणणी केल्याचं सांगतात. मला या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. ज्या खडकांवर तट उभे राहायचे होते, ते उभे राहिले नाहीत. ज्या माणसाला ते खडक मोजायला पाठवलं होतं, त्याने ते फक्त पाहिले, आणि ते पाहणं उरलं.

लष्करी आराखड्यांतही जलरंगच वापरत. बांधून झालेली भिंत तांबड्या छटेत दाखवायची, बांधायची ती पिवळ्या. पाणी निळसर. डोंगराची चढण करड्याच्या कमीजास्त दाटपणातून कळायची. रंग म्हणजे तिथे खूण, प्रत्येकीला ठरलेला अर्थ. इंग्लिश जलरंगाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो पॉल सँडबीसुद्धा याच वाटेने आला. स्कॉटलंडमधलं बंड मोडल्यावर तिथल्या डोंगराळ मुलखाची लष्करी पाहणी १७४७ मध्ये सुरू झाली, तीत तो तरुण आरेखक होता. पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीत त्याने वर्षानुवर्षं सैनिकी अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवली. टेकडी किती उंच, दरी किती खोल, हे अचूक उतरवणारे हात नोकरीत तयार झाले, आणि त्यांतल्या काही हातांना मग त्या टेकडीचाच लळा लागला.

हे वाचताना आपल्या किनाऱ्याची आठवण टाळता येत नाही. पेन प्लिमथचे खडक रंगवत होता त्याच दशकात, १७८७ पासून, बॉम्बे मरीनचा लेफ्टनंट जॉन मॅक्लुअर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी करत होता. ईस्ट इंडिया कंपनीसाठी असे सागरी नकाशे छापून घेण्याचं काम अलेक्झांडर डॅलरिंपलकडे होतं. त्या काळच्या नकाशांवर खोलीचे आकडे असत, आणि बरेचदा कडेला समुद्रातून दिसणारी किनाऱ्याची रेघही काढलेली असे: हा डोंगर असा दिसला की इतक्या अंतरावर इतके खडक आहेत असं समजा. पुढे कंपनीच्या फौजेतला कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले याने दौलताबाद, वेरूळ अशा ठिकाणांची चित्रं काढली आणि १८२६ ते १८३० या काळात ती लंडनला ग्रंथरूपाने छापली. ती चित्रं फार सुंदर आहेत. ती पाहताना मला अभिमान आणि सल दोन्ही जाणवतात, कारण त्या नजरेच्या मागे तोफेचा पल्ला मोजणारी नजर होती हे विसरता येत नाही. आणि म्हणूनच पेनचा हा छोटा कागद मला जवळचा वाटतो. इथे ती नजर कामावरून सुटली आहे. कुठेही आकडा नाही, अंतर नाही, खुणेचं अक्षर नाही. खडकाला आता कुणाच्या उपयोगी पडायचं नाही.

खडकाळ किनारा पाहायला जावं ही कल्पनाच त्या शतकात नवी होती. त्याआधी किनाऱ्यावरचा माणूस खडकाकडे पाहून देवाचं नाव घेई. प्लिमथहून सुमारे २२ किलोमीटर आत, भर समुद्रात एडिस्टनचे खडक आहेत, भरतीला जवळपास बुडणारे. तिथला पहिला दीपस्तंभ १७०३ च्या वादळात तो बांधणाऱ्या विन्स्टन्लीसकट वाहून गेला. नंतरचा १७५५ मध्ये जळाला. जॉन स्मीटनने दगडात दगड गुंफून उभारलेला दीपस्तंभ १७५९ मध्ये पेटला, आणि तो टिकला. पेन प्लिमथला होता तेव्हा बंदराच्या तोंडाशी आज दिसते ती लाटा अडवणारी भिंत नव्हती, तिचं काम १८१२ ला सुरू झालं. नैर्ऋत्येचा वारा सुटला की समुद्र सरळ आत येई. १७९६च्या जानेवारीत ‘डटन’ नावाचं जहाज, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात चालणारं, सैनिकांनी भरलेलं, प्लिमथच्या किल्ल्याच्या पायथ्याशी खडकांवर आपटून फुटलं. नौदल अधिकारी एडवर्ड पेल्यू दोराच्या आधाराने त्या जहाजावर चढला आणि त्याने माणसं उतरवली. खडक म्हणजे हे. त्याच्याकडे सौंदर्य म्हणून पाहायला मन वेगळं घडावं लागतं.

ते कसं घडलं याच्या खुणा पुस्तकांत सापडतात. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर प्रबंध लिहिला आणि ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. तिसरा जॉर्ज राजा १७८९ मध्ये वेमथला समुद्रस्नानाला गेला. विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये मांडलं की जे अफाट आहे, ज्याने छातीत धडकी भरते, तेच सुरक्षित जागेवरून पाहताना मनाला एक खोल आनंद देतं. विल्यम गिल्पिन या पाद्र्याचं वाय नदीच्या काठच्या प्रवासाचं पुस्तक १७८२ ला आलं, आणि निसर्गाकडे चित्र म्हणून पाहणं ही शिकण्याची गोष्ट झाली. हौशी प्रवासी क्लॉड आरसा नावाचा लहान, किंचित फुगीर, काळपट आरसा खिशात बाळगू लागले. देखाव्याकडे पाठ करून ते त्या आरशात देखावा पाहत, कारण आरशात तो जुन्या चित्रासारखा मंद आणि आटोपशीर दिसे. १७९३ ला फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि इटली, आल्प्सचे रस्ते इंग्लिश चित्रकारांना जवळपास बंद झाले. मग त्यांनी आपल्याच बेटाच्या कडा चालून पाहिल्या. टर्नर आणि गर्टिन, दोघेही १७७५ चे, याच वर्षांत घडले. पेन त्यांच्याआधीचा, त्यांच्याइतका मोठा नव्हे. पण दार किलकिलं करून उभा राहिलेल्यांपैकी तो एक.

आणि खडक काढण्यात त्याचा हात विलक्षण होता. तोवरची रीत अशी की आधी शाईने रेघ ओढायची, मग आत रंग भरायचा. पेनने रेघेवरची भिस्त कमी केली. ब्रशमध्ये रंग अगदी थोडा, जवळपास कोरडा ठेवायचा, ब्रश आडवा धरायचा आणि कागदावरून ओढत न्यायचा. कागदाच्या उंचवट्यांना रंग लागतो, खोलगट जागा सुटतात, आणि एका हालचालीत दगडाची खरबरीत कातडी उभी राहते. ब्रशचे केस फाकवून तो पानं आणि झुडपं काढी. आज आपण याला ड्राय ब्रश म्हणतो आणि पोरांना सहज शिकवतो. तेव्हा लोक त्यासाठी वर्गाला गर्दी करत.

त्या ओढीत मला आणखी काही दिसतं. डेव्हनच्या या किनाऱ्यावर पाटीच्या दगडाचे पातळ, तिरपे, मुडपलेले थर आहेत, आणि प्लिमथ शहराखाली करडा चुनखडक. पेनचा आडवा ब्रश त्या थरांच्या दिशेनेच जातो. दगड जसा पसरला तसाच हात पसरला. तो चुनखडक मुळात उबदार समुद्रातल्या प्रवाळांचा, हे पेनला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो तिथे रंगवत होता त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १८३९ मध्ये, ॲडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन या भूवैज्ञानिकांनी याच परगण्यावरून पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाला डेव्होनियन हे नाव दिलं. आजच्या गणनेने तो सुमारे ४२ कोटी ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, हरिहरेश्वरला लाटांनी जाळीदार कोरलेला दगड, हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्यामानाने लेकरूच. पेन प्लिमथला होता त्याच काळात, १७८८ मध्ये, भूवैज्ञानिक जेम्स हटन होडीत बसून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंटला गेला. सोबत जेम्स हॉल आणि जॉन प्लेफेअर. तिथे उभ्या थरांच्या राखी खडकावर तांबड्या वालुकाश्माचे थर आडवे विसावलेले त्यांनी पाहिले. एक समुद्रतळ बनून, उचलला जाऊन, झिजून, पुन्हा बुडून त्यावर दुसरा साचायला किती काळ लागला असेल, या विचाराने ते गोंधळून गेले. धर्मग्रंथांतल्या काही हजार वर्षांत तो काळ मावत नव्हता. त्या दशकात खडकासमोर उभं राहणं म्हणजे काय होतं, याची थोडी कल्पना यातून येते. पेनच्या चित्रातली दोन माणसं मात्र खडकाकडे पाठ करून होडी सावरताहेत. त्यांना भरतीची वेळ सांभाळायची आहे.

आता त्या फिक्या टोकाबद्दल. समुद्रात शिरलेली ती जमीन, जिच्यावर हात ठेवला तर हात पलीकडे जाईल असं वाटतं, ती ज्या करड्याने काढली आहे त्याला आज जगभर पेनचंच नाव आहे. पेन्स ग्रे. आपल्याकडे कॅमलच्या ट्यूबवरही ते नाव असतं, आणि चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या कितीतरी मुलामुलींनी ते वाचलेलं असतं. त्यामागे प्लिमथचा एक सरकारी आरेखक आहे हे वर्गात कुणी सांगत नाही.

पेनला काळा नको होता. शाईचा काळा पाण्यात पातळ केला की मरगळलेला करडा मिळतो, सावलीतून जीव काढून घेणारा. पेनने तीन रंग एकत्र केले: निळा, मातीचा पिवळा आणि किड्यांपासून मिळणारा किरमिजी. निळ्याच्या जागी जुन्या कृतींत कुठे नीळ आढळते, कुठे प्रशियन निळा. तिन्ही मूळ रंग त्यात असल्यामुळे हा करडा कुठल्याही बाजूला झुकू शकतो. पाणी वाढवलं की निळसर होतो आणि दूर जातो. दाट लावला की खडकाच्या खोबणीत बसतो. एकाच रंगाने जवळचं आणि लांबचं दोन्ही बांधलं जातं, आणि मधली हवा दिसू लागते. समुद्रकाठची हवा काढणं हेच तर अवघड. ती ओली असते, खारट असते, आणि प्रत्येक वस्तूच्या कडेशी थोडी थोडी झिरपलेली असते.

श्रावणात कोकणातल्या एखाद्या सड्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर हा रंग भेटतो. पाऊस नुकता थांबलेला, पुढचा अजून वाटेत. पाणी आणि आभाळ यांची शीव पुसली गेलेली. दूरचा डोंगर पहिल्या हाताच्या वॉशसारखा. आमच्या बाजूच्या लोकांना त्यात उदास काही वाटत नाही. मच्छीमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, घरात वेळ असतो. पेनच्या करड्यातही उदासी नाही. तो रंग थांबायला सांगतो एवढंच.

पुढची हकिगत मी भरभर सांगते, कारण ती मला आवडत नाही. १७९० च्या सुमारास पेन लंडनला गेला आणि शहरातला सर्वांत मागणी असलेला चित्रकला-शिक्षक झाला. श्रीमंत घरांतल्या मुलींना त्याची पद्धत भराभर जमत असे. पुढे गडद खडक, मधे उन्हाचा पट्टा, मागे करडं अंतर, ही मांडणी ठरून गेली. मग तो स्वतःही तीच मांडणी पुन्हा पुन्हा काढू लागला, समुद्रापासून दूर, खोलीत बसून. काही वर्षांनी जॉन ग्लोव्हर हा दुसरा चित्रकार आला आणि शिष्य तिकडे वळले. पेन १८३० मध्ये वारला. त्याच्या उत्तरकाळातल्या चित्रांत सफाई आहे, पण खडकाची भीती नाही, ओल नाही, भरतीची घाई नाही. डेव्हनमधली चित्रंच त्याची खरी. हात तोच होता, कृती तीच होती, पण तिथे त्याच्यासमोर खडक होता.

त्या अभ्यासिकेत दिवा मंद का होता, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जलरंगाचं चित्र उजेडात झिजतं. नीळ उडते, आणि किरमिजीही. तीन रंगांतून बांधलेल्या करड्यातला एक जरी उडाला तरी सगळा तोल जातो. त्या काळच्या कितीतरी चित्रांची आभाळं आज गुलाबट किंवा विटकरी दिसतात, ती संध्याकाळ नव्हे. निळा निघून गेल्यावर जे उरलं ते आपण पाहतो. १८८६ मध्ये या प्रश्नावर लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये मोठा वाद झाला, कलासमीक्षक जॉन रस्किनसारखे लोक त्यात उतरले. त्यानंतर वॉल्टर रसेल आणि कॅप्टन विल्यम ॲबनी यांनी एकेका रंगाच्या पट्ट्या सूर्यप्रकाशात ठेवून कसून प्रयोग केले आणि १८८८ मध्ये अहवाल दिला. कोणते रंग उडतात हे त्यात आहेच. शिवाय असंही आढळलं की हवा आणि ओल काढून घेतली तर बरेच रंग टिकतात. म्हणजे उजेडाला साथीदार लागतात. यातली एक गोष्ट मला फार हळवं करते. प्रशियन निळा उजेडात फिकटतो, पण अंधारात ठेवला तर त्याचा बराचसा रंग परत येतो. तो थकतो आणि विश्रांतीने बरा होतो.

म्हणून संग्रहालयं अशी चित्रं साधारण पन्नास लक्स इतक्याच प्रकाशात, थोडे महिने दाखवतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, टेटमध्ये, प्लिमथच्या ‘द बॉक्स’मध्ये पेनची चित्रं आहेत, आणि त्यांचं बहुतेक आयुष्य बंद पेटीत जातं. आपण पाहतो तेवढा वेळ त्यांच्या शिलकीतून वजा होतो. हे कळल्यावर मी त्या कागदाकडे निराळ्या जबाबदारीने पाहू लागले. नजर फिरवून पुढे जाणं मला शक्य झालं नाही. लाटेवरचा पांढरा पाहिला, तांबडं जाकीट पाहिलं, खडकाच्या बेचक्यातला तो काळा पाहिला जो काळा नाही, आणि मग ते चित्र स्वतःहूनच परत दिलं. माझ्यानंतर कुणीतरी यायचं आहे.

जलरंगाची ही इंग्लिश वाट पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आपल्याकडे आली आणि आपली झाली. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी हातातल्या दिव्याचा उजेड कागदावर असा उतरवला की ‘ग्लो ऑफ होप’ पाहायला लोक आजही मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात थांबतात. आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा काठ पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांच्यामागून कितीतरी ड्रॉइंग शिक्षकांनी, हौशी कारकुनांनी, सुट्टीत कोकणात गेलेल्या विद्यार्थ्यांनी खाडी, होड्या, सडे आणि खडक काढले. ती चित्रं संग्रहालयांत नाहीत. ती घरांत आहेत, बहुतेक वेळा दिवाणखान्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर, कारण तिथे ती चांगली दिसतात.

तुमच्या घरी आजोबांचं, आत्याचं, शेजारच्या गुरुजींचं असं एखादं चित्र असेल तर कृपा करून एवढं करा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते टांगू नका. काच थेट रंगाला टेकलेली असेल तर मधे माउंट घालून घ्या, आणि मागचा जुना पुठ्ठा पिवळा पडला असेल तर आम्लरहित पुठ्ठा बसवून घ्या. लॅमिनेशन कधीही करू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. शक्य असेल तर ते काही महिने अंधाऱ्या कपाटात सपाट ठेवा आणि सणावाराला बाहेर काढून सगळ्यांनी मिळून नीट पाहा. हे सगळं एकदम जमणार नसेल तर निदान ज्या भिंतीवर थेट ऊन येत असेल त्या भिंतीवरून ते आजच उतरवा.